‘डोळे मिटून सगळं सांगून टाक’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

सध्या एक मेसेज फिरतोय. मथळा: ‘अपघात, भीती, जुना धक्का: पाच मिनिटांत मनातून कायमचा काढा’. खाली पाच उपाय, आणि वर शेरा की थेरपिस्ट लोक हे मुद्दाम सांगत नाहीत, त्यांचा धंदा बुडेल म्हणून. मी त्याच धंद्यातली. हसून सोडून दिलं असतं, पण हा मेसेज मावशीच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला आणि तिनं तो माझ्या मावसबहिणीवर करून पाहिला. नवले पुलाच्या उतारावर बहिणीच्या स्कूटरला मागून टेम्पोनं उडवलं होतं. हाड मोडलं नाही, पण हॉर्न वाजला की अजून हात थरथरतात.

आधी तिसरा मुद्दा घेते, खरा उच्छाद तिथेच आहे. ‘खोलीत अंधार करा, डोळे मिटायला लावा, प्रसंग बारीकसारीक तपशिलांसकट वदवून घ्या. जितकं रडेल तितकं मन मोकळं.’ मावशीनं दिवे मालवले, मदतीला शेजारच्या काकूंना बोलावलं. बहीण आरशात दिसलेल्या टेम्पोपर्यंत आली आणि तिला श्वासच घेता येईना. काकू म्हणाल्या, ‘बाहेर पडतंय, पडू दे.’ काय बाहेर पडतंय, कपाळ! ती पोरगी पुन्हा त्या उतारावर जाऊन पोचली होती आणि डोळे मिटलेले असल्यामुळे आपण घरात आहोत याचा कसलाच पुरावा तिच्यासमोर नव्हता.

यात नवीनही काही नाही. धक्क्यानंतर लगेच एकदाच बसवून सगळं बोलून घेण्याला डीब्रीफिंग म्हणतात आणि एके काळी त्याचं मोठं प्रस्थ होतं. १९९७ मध्ये जोनाथन बिसन आणि सहकाऱ्यांनी भाजलेल्या १३३ रुग्णांवरचा अभ्यास ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिअॅट्री’त छापला. काहींचं डीब्रीफिंग केलं, काहींचं नाही. १३ महिन्यांनी पाहिलं तर केलेल्यांपैकी २६ टक्क्यांना पीटीएसडी (धक्क्यानंतर मागे उरणारा, दीर्घकाळ टिकणारा मानसिक आजार) होता, न केलेल्यांपैकी ९ टक्क्यांना. आता, पहिल्या गटातल्यांच्या जखमा मुळातच जास्त गंभीर होत्या, त्यामुळे सगळा दोष डीब्रीफिंगच्या माथी मारता येणार नाही. पण फायदा झाला असं म्हणायला तर काडीचाही आधार नाही. २०१८ मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ या उपचारांचे नियम सुचवणाऱ्या सरकारी संस्थेनं आपल्या मार्गदर्शक सूचनांत हे करू नका असंच लिहिलं. जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिकाही हेच बजावते: सांगायचं असेल तर ऐका, सांगायला भाग पाडू नका.

‘पण तुम्हीसुद्धा प्रसंग सांगायला लावताच ना?’ असं मावशीनं विचारलंच. लावतो. पीटीएसडीच्या काही उपचारांत ते करावंच लागतं. मात्र थांबण्याची खूण आधी ठरलेली असते, त्रास शून्य ते दहापैकी किती होतोय हे मध्येमध्ये विचारलं जातं, आणि माणूस सावरून घरी जाईल एवढा वेळ शेवटी राखून ठेवलेला असतो. हे काम अनेक आठवडे चालतं, आणि शेजारच्या काकू तिथे बसलेल्या नसतात.

पहिला मुद्दा ‘५-४-३-२-१’. पाच गोष्टी बघा, चारांना हात लावा, तीन आवाज ऐका, दोन वास, एक चव. म्हणे आघात मुळासकट जातो. मुळाला हातही लागत नाही. दूध उतू जाताना गॅस बारीक करण्यापुरता याचा उपयोग, आणि तेवढा चांगलाच आहे. पण तोही माणूस बघून करायचा. बहिणीचं घर हायवेच्या सर्व्हिस रोडला लागून, त्यामुळे तिला तीन आवाज ऐकायला लावले तर तिन्ही हॉर्नच. म्हणून मी आवाज सोडले. दिवा लावला, डोळे उघडे ठेवायला सांगितले, अनवाणी टाचा फरशीवर दाबायला लावल्या, हातात गार पाण्याची स्टीलची वाटी दिली. मग म्हटलं, भिंतीवरचं कालनिर्णय वाच. तिनं वार वाचला, तारीख वाचली, तिथी वाचली, आणि म्हणाली, ‘अगं, आज आईचा उपास आहे.’ तेव्हा मला हायसं वाटलं. आमच्या क्षेत्रातल्या नवशिक्यांनीही ‘डोळे मिटा’ हे वाक्य जरा जपून वापरावं. न विचारता हात धरणंही तसंच. आणि ही साधनं शांत असताना घटवून घ्यायची असतात. ऐन वेळी पहिल्यांदाच शिकवली तर निम्मी विसरतात.

दुसरा, ‘चेहऱ्यावर बर्फाचं पाणी मारा, व्हेगस नर्व्ह रीसेट होते.’ व्हेगस म्हणजे मेंदूपासून हृदय-पोटापर्यंत जाणारी नस. ती रीसेट वगैरे काही होत नाही. पण गार पाण्यात चेहरा बुडवून श्वास रोखला की हृदयाचे ठोके मंदावतात, हे नाइलाजानं मान्य करते. ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावं.

चौथा, ‘जोरजोरात खोल श्वास घ्या, नाहीतर कागदी पिशवीत घ्या.’ जोरजोरात घेतलात तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि घबराट वाढते. श्वास साधा घ्या, सोडताना लांबवा. पिशवीचं नावही काढू नका. तो दमा किंवा हार्ट अटॅक निघाला तर जिवावर बेतेल.

पाचवा, ‘मग गोळ्या लगेच बंद करा.’ नैराश्यावरच्या किंवा घबराटीवरच्या गोळ्या एकदम थांबवल्या तर भोवळ, चिडचिड, झोप उडणं, डोक्यात झटके आल्यासारखं वाटणं असं काहीही होऊ शकतं, आणि घरचे समजतात आजार उलटला. ज्यांनी लिहून दिल्या त्यांनाच विचारून डोस हळूहळू उतरवायचा. रात्री-बेरात्री कुणाशी बोलायचं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी, मोफत नंबर आहे. मराठीत बोलता येतं. मावशीच्या ग्रुपवर मी तोच टाकलाय. त्यावर दोन अंगठे आलेत, बर्फाच्या पाण्याला चाळीस होते.