तिन्ही हिरव्या

जुन्या माळेला दोन वायरी असायच्या आणि त्यातली कुठली कुठे खुपसली तरी चालायचं. गणपतीच्या आदल्या रात्री एवढं सुख पुरेसं असतं. यंदा मात्र आमच्या मखरासाठी हुशार माळ होती. हिच्या प्रत्येक दिव्यात एक चिप, त्यामुळे ५० दिव्यांना ५० वेगळे रंग देता येतात. भाच्याने ती हौसेने आणली, तिला रंग सांगणारा डबा, म्हणजे कंट्रोलर, कापून कुठल्याशा प्रयोगाला लावला आणि शिकायला जर्मनीला निघून गेला. मागे उरली माळ आणि तिच्या टोकाला तीन उघड्या वायरी. तिन्ही गडद हिरव्या.

एरवी अशा माळेत लाल म्हणजे प्लस, पांढरी म्हणजे ग्राउंड (वीज परतायची वायर) आणि हिरवी म्हणजे डेटा (कुठल्या दिव्याने कुठला रंग घ्यायचा तो निरोप), असा रिवाज आहे. रिवाजच, कायदा नव्हे. आमची माळ झाडात लपावी म्हणून कारखान्याने तिला नखशिखांत हिरवं केलेलं. भाच्याला मेसेज टाकला. उत्तर आलं, “मामा, सोप्पंय. वायरचे रंग बघ.”

शेजारचे काका आयुष्यभर घरांचं वायरिंग करून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून निकाल दिला, “हिरवी म्हणजे अर्थिंग.”

“काका, तिन्ही हिरव्या आहेत.”

“मग तिन्ही अर्थिंग. ही माळ अतिशय सुरक्षित आहे.”

तीन वायरी सहा प्रकारे जोडता येतात, सहाही करून बघ की, असं आईचं म्हणणं. पण प्लस-ग्राउंड उलटे झाले तर चिपा जातात, आणि जाताना सांगूनही जात नाहीत. त्याहून वाईट म्हणजे, सगळं बरोबर जोडलं तरी डेटा येईपर्यंत ही माळ सहसा पेटत नाही. चुकलं तरी अंधार, जमलं तरी अंधार. माणसाने शिकायचं कशावरून?

वाट सापडली ती डेटाच्या स्वभावात. पंगतीत जिलबीचं ताट हातोहात पुढे सरकावं, तसा तो जातो: पहिला दिवा आपल्या वाट्याचे २४ बिट, म्हणजे लाल, हिरव्या आणि निळ्याचे ८-८, काढून घेतो आणि उरलेलं शेजाऱ्याकडे देतो. म्हणजे डेटाची वायर प्रत्येक दिव्यापाशी तुटलेली. प्लस आणि ग्राउंड मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग.

माळेची दोन्ही टोकं जवळ आणली आणि काकांनी त्यांचा मल्टिमीटर काढला. वायर सलग असली की तो वाजतो. काका तो कुणाच्या हातात देत नाहीत, त्यामुळे मी वायरी धरायच्या आणि त्यांनी टेकवायचं. प्रत्येक ‘टूंऽऽ’ला आई आतून विचारायची, “पेटली का रे?” दोन वायरी बोलल्या, एक मुकी राहिली. ती डेटा. “मौनीबाबा,” काका म्हणाले. अर्थिंगचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

बोलणाऱ्या दोघींतली प्लस कोण? मीटर डायोडवर लावला, म्हणजे वीज कुठल्या दिशेने जाते ते तो दाखवतो. एका बाजूने अर्ध्या व्होल्टच्या आसपास आकडा आला, पिना उलटवल्यावर आला नाही. आकडा येतो तेव्हा लाल पिन ग्राउंडवर असते. हे काकांना इतकं उलटं वाटलं, की त्यांनी मीटरचा सेल बदलून पुन्हा बघितलं. शिवाय डेटा एकाच टोकाने आत शिरतो, आणि ते दाखवणारा बाण रबराच्या आत कायमचा बंद. मग ५ व्होल्टचा सप्लाय, कारण ५च्या माळेला १२ दिले तर विसर्जन आधीच होतं. कापलेल्या कंट्रोलरच्या जागी माझा छोटा बोर्ड घेऊन एका टोकाला डेटा दिला, काही नाही. दुसऱ्या टोकाला दिला.

पेटली! मी मोबाइलवरून केशरी रंग मागितला होता. आली ती लखलखीत पोपटी.

कारण ठाऊक होतं. काही चिपा लाल आधी वाचतात, काही हिरवा आधी, आणि माझा बोर्ड दुसऱ्या जातीच्या चिपेशी बोलत होता. सेटिंगमध्ये एक ओळ बदलायची. मी लॅपटॉपकडे वळलो तर आई मखरासमोर उभी राहिली.

“दूर्वांचा रंग आहे. आता हात लावायचा नाही.”

दर्शनाला आलेल्या सगळ्यांना ती हेच सांगत होती, की मुलाने मुद्दाम दूर्वांचा रंग केलाय. दोघातिघांना मी रंगांचा क्रम समजवायला गेलो. त्यांनी मोदक उचलला, “कल्पना छान आहे हो” म्हणाले आणि चपला शोधू लागले.