यॉर्क फितूर होता का? एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रशिया या जर्मन राज्याच्या जनरल यॉर्कने राजाच्या मंजुरीविना रशियाशी केलेला टाउरोगेनचा करार ही सरळ फितुरी होती, पुढे नेपोलियन हरला म्हणून तुम्ही त्याला देशभक्त ठरवताय, आणि तसाही तो तरुणपणीच बेशिस्तीबद्दल हाकलला गेलेला माणूस, असा तुमचा आक्षेप. तिखट आहे, पण दखल घेण्याजोगा.

आधी हकालपट्टी. १७७९ साली झाली, खरी आहे. वरिष्ठाने युद्धात केलेली लूट या लेफ्टनंटला खपली नाही आणि त्याने ते लपवलंही नाही. मग कैद, बडतर्फी, डचांची चाकरी, आफ्रिकेतलं केप, सिलोन. राजा फ्रेडरिक द ग्रेट गेल्यावरच प्रशियाने त्याला परत घेतलं. पुढे हाच माणूस इतका कर्मठ निघाला की प्रशियाचा मंत्री स्टाइन याच्या सुधारणाही त्याला सोसवल्या नाहीत. बंडखोर म्हणे!

आता ३० डिसेंबर १८१२. नेपोलियनच्या सक्तीने रशियावर गेलेल्या प्रशियन तुकडीचा तो सेनापती. माघारीत डिबिचच्या रशियन फौजेने त्याला त्याचा वरिष्ठ, फ्रेंच मार्शल मॅकडोनाल्ड याच्यापासून तोडलं. इथे तुमच्या बाजूचा मुद्दा मीच देतो: ती फौज लहान होती, यॉर्कला ती फोडून जाता आलं असतं. राजाकडे विचारणा करून झाली होती, उत्तरं गुळमुळीत. बर्लिनमध्ये फ्रेंच सैन्य असताना राजा तरी कागदावर काय लिहून देणार?

पण करारातली कलमं बघा. तुकडी रशियाला मिळाली नाही, तटस्थ राहिली. राजाने करार फेटाळला तर ती जायला मोकळी. अट एवढीच की १ मार्च १८१३ पर्यंत रशियाशी लढायचं नाही. फितूर माणूस धन्यासाठी असं दार उघडं ठेवतो का? वर चूक ठरल्यास आपलं शीर हजर आहे, असं त्याने राजाला कळवलं. राजाने खरोखरच त्याला पदावरून दूर करण्याचा हुकूम काढला. तो घेऊन निघालेल्या अधिकाऱ्याला रशियनांनी पुढे जाऊच दिलं नाही, हा भाग वेगळा.

आणि निकाल तेव्हा लागला कुठे होता? नेपोलियन पॅरिसला पोचून नवं सैन्य उभारत होता. प्रशियाने युद्ध पुकारलं ते मार्चमध्ये. तोवर यॉर्कच्या मानेवर तलवार होतीच.

तुम्हाला त्याला धरायचंच असेल तर फेब्रुवारी १८१३ मध्ये धरा. कोनिग्सबर्गला पूर्व प्रशियाच्या प्रतिनिधींनी राजाची परवानगी नसताना लोकसेना उभारायचं ठरवलं, आणि यॉर्क त्यांच्या पाठीशी उभा राहिला. टाउरोगेनला लष्करी अडचणीचा आडोसा तरी होता, इथे तोही नाही. त्यावर तुम्ही अक्षरही लिहिलं नाहीत. लिहिलं असतंत तर मला हे उत्तर इतकं सोपं गेलं नसतं.