‘सगळे कैदी कावेबाज?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुरुंगातले कैदी कर्मचाऱ्यांना कसे जाळ्यात ओढतात, यावर मी लेख लिहिला होता. तुमचा आक्षेप असा, की त्या लेखामुळे प्रत्येक कैदी कावेबाज ठरतो आणि कर्मचाऱ्यांच्या संशयाला खतपाणी मिळतं. माणसावर विश्वास टाकला की तो फसवत नाही, असं तुमचं म्हणणं.

यातलं अर्धं मला मान्य आहे. कावेबाजपणा हा कैद्याचा स्वभावच, असा सूर माझ्या लेखात उमटला, तो चुकला. साबणापासून डॉक्टरच्या भेटीपर्यंत सगळं दुसऱ्याच्या मर्जीवर असेल आणि सरळ मागून उत्तरच मिळत नसेल, तर माणूस आडवळणाने मागायला शिकतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ ग्रेशॅम साइक्स यांनी न्यू जर्सीतल्या तुरुंगाचा अभ्यास करून १९५८ साली दाखवलं, की रक्षकही बराक शांत राहावी म्हणून कैद्यांवर अवलंबून असतात आणि बारीकसारीक नियमभंगांकडे काणाडोळा करतात. देवाणघेवाण दोन्हीकडून असते.

पण नुसत्या विश्वासावर सोडून देणं धोक्याचं आहे. फसवू पाहणारा कैदी आधी कर्मचाऱ्यांचं निरीक्षण करतो: कोण थकलंय, कोणाचं वरिष्ठांशी पटत नाही. मग कौतुक: ‘साहेब, तुम्ही बाकीच्यांसारखे नाही.’ मग छोटी मागणी: एखादं पेन, फोनवर दोन मिनिटं जास्त. पेनाला किंमत नसते. ते दिल्याचं लपवलं, तिथे कर्मचारी अडकतो. पुढची मागणी त्या गुपिताच्या जोरावर येते. २०१५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिंटन तुरुंगातून दोन खुनी पळाले. करवतीची पाती गोठवलेल्या मांसात लपवून आत गेली होती. ते मांस पोहोचवणाऱ्या रक्षकाने त्यांतल्या एकाकडून आधी चित्रं घेतली होती.

म्हणून ‘बघतो’ हे उत्तर सगळ्यात वाईट. तोच कैदी पुढच्या पाळीला विचारतो, कोणीतरी ‘हो’ म्हणेपर्यंत. नकार कारणासह द्यावा आणि नोंदवहीत लिहावा. चूक झालीच तर त्याच दिवशी वरिष्ठांना सांगावी. मात्र कबुली देणाऱ्यालाच शिक्षा होत असेल, तर पुढच्या वेळी कोणीही सांगणार नाही.

एका बाबतीत तुमचं म्हणणं माझ्या लेखापेक्षा खरं आहे. स्वतःला इजा करून घेणाऱ्या कैद्याला ‘नाटक करतोय’ म्हणून सोडून देणं चूक आहे. बदली मिळावी हा हेतू असला, तरी त्याच वेळी मरणाची इच्छाही असू शकते, आणि नसली तरी माणूस दगावतो. हेतूचा काथ्याकूट नंतर करावा. आधी धारदार वस्तू काढून घ्याव्यात, सतत लक्ष ठेवावं, मानसोपचारतज्ज्ञांना बोलवावं. एकांत कोठडीत टाकलं तर धोका वाढतो. हा परिच्छेद मूळ लेखात जोडतो आहे.