‘पॉक्सोत मुलानं बोट दाखवलं की संपलं’: खरंच?

एक मेसेज बरेच दिवस फिरतोय. सार असं: पॉक्सोत, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या कायद्यात, मुलानं बोट दाखवलं की शिक्षा ठरलेली, निर्दोष असल्याचं आरोपीनंच सिद्ध करायचं, डॉक्टरला काही सापडो न सापडो, आणि इतके आरोपी सुटतात, म्हणजे तक्रारी खोट्याच. बोट दाखवल्यावर शिक्षा ठरलेली असेल, तर इतके सुटतात कसे, हे मेसेज लिहिणाऱ्यानं स्वतःला विचारलेलं दिसत नाही.

आधी ते बोट दाखवणं. एकट्या मुलाच्या साक्षीवर शिक्षा होऊ शकते, हे खरं आहे. सर्वोच्च न्यायालयानं 1997 मध्येच ते सांगितलं होतं, पण साक्ष विश्वासार्ह असली तरच. लहान मूल साक्षीला आलं की न्यायाधीश आधी स्वतः बोलतात. शाळा कुठली, बाई कोण, खोटं बोलणं चांगलं की वाईट. उत्तरांवरून मुलाला प्रश्न कळतात का, हे पाहून तशी नोंद होते. मग सरतपासणी (सरकारी वकिलांचे प्रश्न), मग उलटतपासणी (बचाव पक्षाचे). आरोपी मुलाच्या नजरेस पडू नये म्हणून पडदा असतो आणि वकिलांचे प्रश्न न्यायाधीशांमार्फत विचारले जातात. दरडावून विचारायला कलम 33 मनाई करतं, उलटतपासणीला नाही. पोलिसांकडचा जबाब, दंडाधिकाऱ्यांपुढचा जबाब आणि कोर्टातली साक्ष शेजारी ठेवून बचाव पक्ष विसंगती शोधतोच. तारीख-वार चुकला तर मुलाला सहसा समजून घेतलं जातं. मुख्य घटनाच प्रत्येक वेळी वेगळी निघाली तर नाही. ‘पढवलंय’ हा आरोप कोर्टाला नवा नाही. मूल घरच्यांची वाक्यं घोकून आलंय का, हे कोर्ट पाहतंच.

दुसरा मुद्दा, निर्दोष असल्याचं आरोपीनंच सिद्ध करायचं हा, कलम 29 चा. यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो पटतो. गुन्हा घडल्याचं गृहीतक कायद्यात आहे. पण ते आपोआप लागत नाही. मूल अठराच्या आतलं आहे आणि आरोप केलेलं कृत्य घडलं, या पायाभूत गोष्टी आधी सरकारी पक्षानं सिद्ध करायच्या, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं 2018 मध्ये सांगितलं. त्यानंतर आरोपी उलटतपासणीतूनही ते गृहीतक खोडू शकतो. आरोपीचा हेतू गृहीत धरणारं कलम 30 मात्र खरोखर कडक आहे. मेसेजवाल्यांनी ते उचललं असतं, तर वादाला जोर तरी आला असता.

डॉक्टरी अहवालाचं म्हणाल, तर स्पर्शाची खूण कुठे राहते? कलम 7 मधल्या, म्हणजे लैंगिक हेतूनं केलेल्या स्पर्शाच्या, गुन्ह्याला जखम लागतच नाही. कपड्यांवरून केलेला स्पर्श या कलमात बसत नाही, हा नागपूर खंडपीठाचा जानेवारी 2021 चा निकाल सर्वोच्च न्यायालयानं त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रद्द केला. महत्त्वाचा आहे तो लैंगिक हेतू, असं सांगून.

खोट्या तक्रारीला शिक्षा नाही, असंही त्याच मेसेजच्या एका आवृत्तीत वाचलं. आहे. कलम 22 वाचा. सूट आहे ती मुलाला, त्याला पुढे करणाऱ्या मोठ्यांना नाही.

आता ‘सुटला म्हणजे तक्रार खोटी’. पुरावा संशयापलीकडे गेला नाही, एवढाच निर्दोष सुटण्याचा अर्थ. राजस्थानातला 1986 चा एक खटला पाहा, पॉक्सोच्या कितीतरी आधीचा. साक्षीच्या वेळी ती मुलगी काही बोललीच नाही, फक्त रडली. सत्र न्यायालयानं शिक्षा दिली. उच्च न्यायालयानं 2013 मध्ये आरोपीला सोडलं. मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वैद्यकीय आणि इतर पुराव्यावर ती शिक्षा पुन्हा कायम केली. मुलाच्या गप्प राहण्याचा अर्थ मोठ्या माणसाच्या गप्प राहण्यासारखा लावता येत नाही, असंही सांगितलं. मेसेजच्या हिशेबानं त्या मुलीची तक्रार मधली बारा वर्षं खोटी होती.