‘देव मानत नाही, मग लक्ष कशाला?’ या मेसेजबद्दल खुलासा

गावोगावच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतो आहे: नास्तिकांनी जादूटोणाविरोधी कायदा आणून कीर्तन, वारी बंद करायचा घाट घातलाय, देव मानत नाहीत तर देवधर्मात नाक कशाला खुपसतात?

पहिली गोष्ट साफ चूक आहे. २०१३ च्या या कायद्यातच पूजा, प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, भजन, प्रवचन यांना सूट लिहिलेली आहे. गुन्हा ठरतो तो अघोरी प्रकार. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्र-गंडेदोरे करणं, हेही त्यातच येतं. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. पावसाळ्यात कपाशीच्या वावरात निंदताना कोणाला पान लागलं, म्हणजे सर्पदंश झाला, तर साप आस्तिक-नास्तिक बघत नाही. आणि मांत्रिकाच्या दारात गेलेला वेळ परत मिळत नाही. विषावरचं औषध दवाखान्यातच असतं. करणीच्या संशयावरून एखाद्या म्हातारीला मारहाण झाली, तर तिला वाचवायलाही देव मानावा लागत नाही. करही सगळेच भरतात. विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी कर भरायची सक्ती करता येत नाही, असं संविधानाचं कलम २७ सांगतं. मग गावच्या पैशातून देवधर्मावर झालेल्या खर्चाचा हिशोब ग्रामसभेत विचारला तर कोणाच्या भावना दुखाव्यात?

बाकी, नवसाच्या कोंबड्या-बकऱ्यांवर आपल्याकडे सर्वांत कडक बोलले ते अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा. तेही कीर्तनातून, आणि ते काही नास्तिक नव्हते. हा मेसेज लिहिणाऱ्याने त्यांनाही नाक खुपसू नका म्हटलं असतं काय?