‘जुनी ई-बुकं दहा रुपयांत द्या’ : फिरत्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस वाचकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. माझ्या शाळेच्या ग्रुपवर तो तीनदा आला. थोडक्यात म्हणणं असं : ई-बुकला कागद लागत नाही, छपाई लागत नाही. पुस्तक जुनं असेल तर त्याचा खर्च कधीच वसूल झालेला असतो. लेखकही बहुधा हयात नसतो. तेच पुस्तक रस्त्यावर पन्नास रुपयांना मिळतं आणि प्रकाशक ई-बुकचे दीडशे लावतात. ही लूट आहे. दहा रुपयांना द्या, दहापट खपतील. तोवर ग्रुपांवर फुकट फिरणारी पीडीएफ वाचण्यात काही गैर नाही.

मी नऊ वर्षं जुन्या मराठी पुस्तकांची ई-बुकं तयार करते. टायपिंग तपासणं, प्रुफं वाचणं, फाइल बांधणं हे माझं रोजचं काम. या मेसेजमधली एक गोष्ट मला मनापासून पटते, ती पुढे येईल. बाकीच्या बहुतेक पटत नाहीत. मेसेज पाठवणारी माणसं पुस्तकांवर जीव असलेली आहेत, म्हणूनच नीट उत्तर द्यावंसं वाटलं.

‘कागद नाही, म्हणजे खर्च नाही.’

तीनशे रुपयांचं पुस्तक घ्या. त्यात कागद, छपाई आणि बांधणीचे साधारण सत्तर-ऐंशी रुपये असतात. उरलेल्या रकमेतला सगळ्यात मोठा वाटा वितरक-विक्रेत्यांच्या कमिशनचा. मग लेखकाचं मानधन, संपादन, मुखपृष्ठ, गोदाम, वाहतूक. ई-बुकमध्ये कागद, गोदाम आणि वाहतूक वाचते, हे खरं. तेवढी किंमत उतरलीच पाहिजे. पण कमिशन वाचत नाही, फक्त घेणारा बदलतो. किंडलवर, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-बुकांच्या दुकानात, पुस्तक टाकणाऱ्याला किमतीतला ३५ किंवा ७० टक्के वाटा मिळतो, आणि भारतात ७० टक्के हवे असतील तर ते ई-बुक दुसऱ्या कुठल्याही दुकानात ठेवायचं नाही अशी अट असते. शिवाय छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे. ई-बुकवर तो आधी १८ टक्के होता. जुलै २०१८ मध्ये, छापील आवृत्ती असलेल्या ई-बुकांपुरता, ५ टक्क्यांवर आला.

‘पुस्तक जुनं आहे, खर्च वसूल झालाय.’

हा मुद्दा ऐकायला सगळ्यात बिनतोड वाटतो आणि माझ्या टेबलावर तो सगळ्यात आधी कोसळतो. वसूल झाला असेल तो जुन्या छापील आवृत्तीचा खर्च. ई-बुक ही नवी आवृत्ती आहे, आणि जुन्या पुस्तकाच्या बाबतीत ती नव्या पुस्तकापेक्षा जास्त मेहनतीची असते.

साठ-सत्तर सालातलं पुस्तक शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापलेलं. त्याची फाइल नावाची गोष्ट कधी नव्हतीच. प्रकाशकाकडे एखादी प्रत असते, तीही कधी कधी वाचनालयाचा शिक्का असलेली. ती स्कॅन करायची आणि संगणकाकडून अक्षरं ओळखून घ्यायची. तो ‘घ’ला ‘ध’ म्हणतो आणि ‘भ’ला ‘म’. ‘तिने घर सोडलं’चं ‘तिने धर सोडलं’ होतं. ‘धर’ हाही मराठी शब्दच, त्यामुळे शुद्धलेखन तपासणारं कुठलंही सॉफ्टवेअर तिथे थांबत नाही. माणसालाच थांबावं लागतं.

त्याहून वाईट म्हणजे ठिपके. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले, त्याआधीच्या पुस्तकांत अनुच्चारित अनुस्वार असतात. ‘तें रडत होतें’ म्हणजे मूल रडत होतं. ‘ते रडत होते’ म्हणजे वडील रडत होते. पिवळ्या पडलेल्या पानावर शाईचा ठिपका कुठला आणि कसरीची किंवा धुळीची खूण कुठली, हे पान मोठं करून, मागचीपुढची ओळ वाचून ठरवावं लागतं. एका कादंबरीत मी अशा एका ठिपक्यासाठी पुण्यातल्या एका वाचनालयात जाऊन दुसरी प्रत पाहून आले. तिथे तो ठिपका नव्हता. आमच्या प्रतीवरचा डाग होता.

वाटेल की ऐंशी-नव्वदच्या दशकात संगणक आला, तिथून पुढचं सोपं असेल. थोडंफार आहे. पण पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमधल्या त्या फाइली श्रीलिपी, आकृती असल्या जुन्या फाँटांत आहेत, आज सगळीकडे चालणाऱ्या युनिकोडमध्ये नाहीत. त्या फाँटांत अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात : पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलटं. बदलताना जरा गफलत झाली की ‘दर्शन’चं ‘दशर्न’ होतं आणि ‘सर्व’चं ‘सवर्’. कुठल्याही जुन्या पीडीएफमधून मजकूर कॉपी करून बघा, हेच शब्द भेटतील. असं वाचायला तुम्ही दहा रुपये तरी द्याल का?

फाइल नसलेलं अडीचशे पानांचं पुस्तक मी दिवसाला पंचवीस-तीस पानांच्या वेगाने वाचते, आणि असं तीनदा. टायपिंग, प्रुफं, मांडणी, मुखपृष्ठ धरून खर्च पंचवीस हजारांच्या आसपास जातो. आता दहा रुपयांचा हिशेब करू. कर वजा जाता उरतात साडेनऊ रुपये. त्याचे ३५ टक्के म्हणजे ३ रुपये ३३ पैसे. नुसता तयारीचा खर्च निघायला साडेसात हजार प्रती खपायला हव्यात, आणि त्यात लेखकाला एक पैसाही धरलेला नाही. छापील मराठी पुस्तकाची आवृत्तीच हजाराची असते, हल्ली बऱ्याचदा पाचशेची किंवा त्याहून कमी. तेच ई-बुक दीडशेला विकलं तर प्रतीमागे पन्नास रुपये येतात आणि पाचशे प्रतींत खर्च निघतो. पाचशे शक्य आहेत. साडेसात हजार मी नऊ वर्षांत पाहिलेल्या नाहीत.

एक मात्र कबूल. २०१०नंतरच्या ज्या पुस्तकांची स्वच्छ युनिकोड फाइल प्रकाशकाकडे तयार आहे, त्यांना ही सबब लागू नाही. त्यांची ई-बुकं दोन-तीन वर्षांनी स्वस्त व्हायलाच हवीत आणि ती होत नाहीत, ही तक्रार रास्त आहे.

‘लेखकच नाही, मग पैसे कुणाला?’

आपल्याकडे कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. आधी तो ५० वर्षं होता, १९९२ साली वाढला. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन १ जानेवारी २०११पासून मुक्त आहे. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले, त्यांचं २०१७पासून. आचार्य अत्रे १९६९ मध्ये गेले, त्यांचं २०३० उजाडल्यावर होईल. हरिभाऊ आपटे, गडकरी, केशवसुत तर केव्हाचे मुक्त आहेत. या मुक्त लेखनाच्या साध्या ई-बुकला पैसे पडू नयेत असंच मलाही वाटतं. मराठी विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथालयात स्वयंसेवक एकेक पान तपासून हेच काम करताहेत, त्यांना हात द्या. कुणी टिपा, शब्दार्थ, प्रस्तावना जोडून नवी आवृत्ती काढली तर त्या श्रमाचे पैसे घ्यावेत.

बाकीच्यांचे वारस आहेत. कित्येक घरांत ती वर्षाकाठची हजार-दोन हजारांची रॉयल्टी आईच्या किंवा आजीच्या नावावर येते. त्यातही ई-बुकची गुंतागुंत वेगळीच. करार करताना जे माध्यम अस्तित्वात नव्हतं, त्याचे हक्क स्पष्ट उल्लेखाशिवाय करारात येत नाहीत, असं कॉपीराइट कायद्यातली २०१२ची दुरुस्ती सांगते. १९७५च्या करारात ई-बुक कुठून असणार? म्हणून वारस शोधायचे. एक नाशिकला, एक न्यू जर्सीत, एकाचा पत्ताच नाही. जुनी पुस्तकं ई-बुकात दिसत नाहीत त्यामागे पुष्कळदा ही सही अडलेली असते.

‘रस्त्यावर पन्नासला मिळतं.’

मिळतं. मीही अप्पा बळवंत चौकात आणि मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर वाकून वाकून पुस्तकं घेतलीत. पण त्या पन्नास रुपयांतलं लेखकाला काही जात नाही, जायचं कारणही नाही : पहिल्या मालकाने पूर्ण किंमत मोजली, तेव्हाच त्याचा वाटा मिळाला. तीच एक प्रत हात बदलत राहते. ई-बुकची दर प्रत नवी असते, म्हणून ही तुलना जुळत नाही.

आणि इथेच मेसेज पाठवणाऱ्यांचा, मला मनापासून पटणारा तो मुद्दा येतो, जो त्यांनी धड मांडलाही नाही. ई-बुक मला रस्त्यावर विकता येत नाही. भाचीला वाचून झाल्यावर देता येत नाही. वडिलांच्या कपाटासारखं ते मागे राहत नाही. आपण पुस्तक घेत नाही, वाचायची परवानगी घेतो. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने हक्कांच्या घोळामुळे काही कादंबऱ्या ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर पुसल्या होत्या. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-बुकांचं दुकान बंद केलं. लोकांना पैसे परत मिळाले, पण पुस्तकं उघडायची थांबली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं की वापरलेलं ई-बुक हक्कधारकाच्या परवानगीशिवाय पुन्हा विकता येणार नाही.

ज्या वस्तूत कागद नाही आणि पूर्ण मालकीही नाही, तिची किंमत कागदी पुस्तकाएवढी ठेवणं चूक आहे. दहा-वीस रुपयांची सूट म्हणजे वाचकाच्या तोंडाला पानं पुसणं. काही प्रकाशक म्हणतात, ई-बुक स्वस्त केलं तर छापील खपणार नाही. जे पुस्तक वीस वर्षं छापलेलंच नाही, त्याच्या बाबतीत ही भीती कशाची? माझं मत सरळ आहे : जुन्या पुस्तकाचं ई-बुक छापीलच्या निम्म्यात द्यावं, तयारीचा खर्च निघाला की तिसऱ्या हिश्श्यावर आणावं. तीनशेचं दीडशेला, मग शंभरला.

‘स्वस्त करा, दहापट खपेल.’

स्वस्त केल्यावर खप वाढतो, पण किती? २०१४ मध्ये हॅशेट या प्रकाशनसंस्थेशी वाद चालू असताना ॲमेझॉनने आपला आकडा जाहीर केला : १४.९९ डॉलरला ज्या ई-बुकच्या १०० प्रती जातात, त्याच्या ९.९९ डॉलरला १७४ जातात. म्हणजे किंमत एक तृतीयांशाने उतरली आणि एकूण उत्पन्न १६ टक्के वाढलं. स्वस्ताईची बाजू मांडणाऱ्या दुकानाचाच हा आकडा, तोही इंग्रजीच्या अफाट बाजारातला. दीडशेचे दहा करायचे तर खप पंधरापट व्हावा लागतो. मेसेजमधलं ‘दहापट’ खरं ठरलं तरी तूटच.

‘तोवर पीडीएफ वाचण्यात गैर काय?’

दोन वर्षांपूर्वी आम्ही एका लेखिकेची पहिली कादंबरी ई-बुक केली. पुस्तक चाळीस वर्षं कुठेच मिळत नव्हतं. तिच्या सुनेने माळ्यावरून काढून दिलेल्या प्रतीवरून काम झालं. किंमत ठेवली एकशेवीस. तिसऱ्या आठवड्यात एका ग्रुपवर तिची पीडीएफ आली, खाली शंभरावर हात जोडलेले आणि ‘धन्यवाद सर’. ती आमच्याच फाइलची होती, कारण एकशेचौदाव्या पानावर माझ्या नजरेतून सुटलेली चूक तशीच होती. त्या महिन्यानंतर विक्री जवळजवळ थांबली. एकूण प्रती गेल्या एकसष्ट.

तिच्या आणखी दोन कादंबऱ्या आहेत. एकीचं टायपिंग नव्वद पानांपर्यंत झालं होतं. प्रकाशकाने काम थांबवलं, आणि सूनबाईंनी मध्यंतरी फोन करून आपल्या प्रती परत मागून घेतल्या.