"लोकल बॉडी" लिहून मोकळं होणाऱ्यांनो, जरा इकडे या

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितोय, उद्या वाचून लाज वाटली तर वाटली. विषय आहे महायुद्धातल्या आपल्या फौजी ट्रकांची बॉडी, जिच्याबद्दल पुस्तकं फक्त "लोकल", म्हणजे इथंच बांधलेली, एवढं लिहून मोकळी होतात.

गेल्या चार रात्री मी एका ट्रकच्या फळ्या मोजतोय. हसू नका. फोटो दुसऱ्या महायुद्धातला, इटलीतला चिखल, त्यात चाकं अर्धी रुतलेला एक तीन टनी ट्रक, मागचा फाळका साखळ्यांवर आडवा सोडलेला आणि त्यावर आपले पाच जवान रांगेत बसून चहा पितायत. फोटो झकास आहे. चेहरे दिसतायत, चहाचे मग दिसतायत, एकाचा बूट शिवणीत उसवलाय तोपण दिसतोय. फक्त मला जे पाहिजे तेवढंच दिसत नाही, कारण पाचही जण बरोब्बर तिथं बसलेत जिथं हौद्याचा कोपरा फळ्यांना कसा जोडलाय ते कळलं असतं. आणि सहावा एक पठ्ठ्या उभा आहे, त्यानं हौद्याला टेकून कोपर नेमकं साखळीच्या हुकावर ठेवलंय. अख्खा ट्रक मोकळा पडलाय रे, तिथंच का!

मला फक्त एक मॉडेल बनवायचंय. एकास पस्तीस स्केलचं. किट मिळतं, चांगलं मिळतं, पण त्यातला ट्रक कॅनडातल्या कारखान्यातून निघाला तसा, पत्र्याची बंद केबिन, दारं, काचा, सगळं टापटीप. आणि आपल्या फौजेचे फोटो बघावेत तर कितीतरी गाड्यांच्या केबिनला दारंच नाहीत, डोक्यावर ताडपत्री, मागं लाकडी हौदा, आणि तो हौदा प्रत्येक फोटोत थोडा वेगळा. मला तो हौदा पाहिजे. किती फळ्या, किती जाड, फाळका कसा उघडतो. एवढंच. राफेलचे ड्रॉइंग मागत नाहीये मी.

तर प्रकरण काय आहे ते पटकन सांगतो, कारण त्याशिवाय माझा राग कळणार नाही. युद्धात कॅनडानं ८ लाखांच्या वर लष्करी गाड्या बनवल्या, त्यातल्या ४ लाखांहून जास्त सीएमपी, म्हणजे कॅनेडियन मिलिटरी पॅटर्न. फोर्डच्या विंडसरला, शेवरोलेच्या ओशावाला. ब्रिटिशांच्या मापानं बनवलेल्या म्हणून स्टिअरिंग उजवीकडे. भारताच्या वाटणीच्या गाड्या खोक्यांत सुट्या होऊन यायच्या, कारण उभा ट्रक जहाजात भरला तर केबिन आणि हौद्यातली हवाच जास्त वाहून आणावी लागते, आणि त्या काळात जहाजातली जागा सोन्याच्या भावाची. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचं असेंब्लीचं काम १९२८ पासून होतंच, फोर्डचंही मुंबईत होतं. खोकी फोडायची, चेसिस उभी करायची, आणि वरची बॉडी इथं बांधायची. मोटारीचं इंजिन तेव्हा आपल्याकडे बनतच नव्हतं, वालचंद हिराचंद बिचारे मोटारीचा कारखाना काढू द्या म्हणून मागं लागले होते आणि सरकारनं युद्धाचं कारण सांगून वाटाण्याच्या अक्षता लावल्या, तो वेगळाच संतापाचा विषय आहे, तो परत कधीतरी.

म्हणजे बघा, मागून फोटो काढला तर डोळ्याला जो ट्रक दिसतो तो जवळजवळ सगळा आपल्या सुतार-लोहारांनी बांधलेला. आणि पुस्तकात काय असतं? चेसिसचं अख्खं पुराण! व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, १०१ इंच का १३४ का १५८. फोर्डचा व्ही-८ का शेवरोलेचा सरळ सहा सिलिंडर. केबिन ११ नंबरची, १२ नंबरची का १३ नंबरची, त्यात १३ नंबरची काच खालून मागं आणि वरून पुढं झुकलेली का तर विमानातून चमक दिसू नये म्हणून. समोरची जाळी चौकोनी भोकांची असली तर फोर्ड, शंकरपाळ्यासारखी असली तर शेवरोले. हे सगळं मला आता झोपेत विचारा. आणि मग शेवटच्या ओळीत, बॉडी: लोकल. संपलं! दोन शब्द. लोकल म्हणजे कुठली बाबा? मुंबईची, कलकत्त्याची, कुठल्या डेपोतली? सागाची का सालाची? लोकल हे काय उत्तर आहे का? मी विचारलं जेवायला काय आहे आणि कोणी सांगितलं, जेवण आहे.

शोधायला जावं तर वेगळीच मजा. या गाड्यांना तेव्हाच्या कागदांत "इंडियन पॅटर्न" म्हणतात. टाका सर्चला इंडियन पॅटर्न. मेंदी येते. रांगोळी येते. कुर्त्याचं कापड येतं. तीन पानं खाली गेलो तर संडासाचं भांडं आलं, इंडियन पॅटर्न, पांढरं, फ्री डिलिव्हरी. इंडियन ट्रक बॉडी टाकलं तर हॉर्न ओके प्लीजवाले रंगीत ट्रक. शेवरोले इंडिया टाकलं तर सेकंडहँड बीट, फर्स्ट ओनर, कमी रनिंग. आणि महिनाभर बघतोय ते फोन पण लक्षात ठेवतो ना, आता मला दिवसभर टाइल्स आणि कमोडच्या जाहिराती येतायत आणि आईनं परवा विचारलं की बाथरूम करून घेतोयस का.

चिलखती गाडी शोधायची असती तर जरा तरी बरं होतं. इंडियन पॅटर्न कॅरिअर म्हणून होती, कॅनडाचीच चेसिस, वर जमशेदपूरच्या टाटांचं पोलाद आणि बांधणी रेल्वेच्या वर्कशॉपांत, चार हजारांच्या वर निघाल्या १९४० ते ४४ मध्ये, लोक तिला टाटानगरच म्हणायचे. (हो, टाटानगर टाकून पण पाहिलं. पाच गाड्यांचं टाइमटेबल आलं, एक चार तास लेट होती.) तिच्यावर निदान लोकांनी लिहिलंय, मार्क वन मार्क टू करत भांडलेत, कारण बंदूक आहे ना तिच्यावर. बंदूक असली की इतिहास. पीठ, डाळ, पेट्रोलचे डबे आणि जखमी माणसं वाहणारा लाकडी हौदा म्हणजे "लोकल".

आणि लोकांना विचारायची सोय नाही. ओळखीच्या दहा जणांना सांगितलं की असले जुने फोटो असतील तर पाठवा. सात जणांनी जीप पाठवली. अरे जीप सगळ्या जगाकडे होती, जीपचा प्रत्येक स्क्रू छापून आलाय! एकानं शक्तिमान पाठवला आणि खाली लिहिलं, महायुद्धातला, आमच्या मामांनी चालवलाय. भाऊ, शक्तिमान १९५९ चा, जर्मन मॅनच्या लायसन्सवरचा, तुझे मामा चीनच्या युद्धात असतील. एकानं तर "पंधरा हंड्रेडवेट" वाचून मला समजावलं की ते ट्रकचं वजन असतं. नसतं! तो माल किती वाहील त्याचा आकडा आहे, हंड्रेडवेट म्हणजे ११२ पौंड, पंधराचे झाले १,६८० पौंड, म्हणजे साडेसातशे किलोच्या जरा वर. आणि त्या हिशोबात पंधरावाल्याला "ट्रक" म्हणायचं आणि तीन टनीला "लॉरी", हे कळायलाच मला दोन महिने गेले, तोवर मी चुकीच्या शब्दानं शोधत होतो. कपाळ माझं.

एका सरकारी ऑफिसात रीतसर अर्ज दिला. विषय: १९४० ते १९४५ या काळातील लष्करी मालवाहू वाहनांच्या बॉडीची मोजमापे मिळणेबाबत. दीड महिन्यानं उत्तर आलं, वाहनाचा नोंदणी क्रमांक व आरसी बुकची झेरॉक्स जोडावी. मी ते पत्र फ्रेम करणार आहे. परदेशातल्या एका संग्रहात म्हणे मोठ्या साइझचा स्कॅन आहे, पण प्रत्येक फोटोचे पैसे पौंडात, आणि फुकट जो छोटा दिसतो त्याच्यावर त्यांच्या नावाचा शिक्का आडवा मारलेला. कशावर आलाय शिक्का? हौद्यावर. आभाळावर मारला असता तर काय बिघडलं असतं, अर्धा फोटो आभाळच आहे.

बरं म्हणलं युनिट तरी ओळखू, मग युनिटच्या डायरीतून कुठली गाडी ते काढू. चौथ्या इंडियन डिव्हिजनचा लाल गरुड, पाचव्याचा काळ्यावर लाल गोळा, सतराव्याची काळी मांजर, तेविसाव्याचा कोंबडा, मडगार्डवर रंगवलेले असायचे. तर तिथं सेन्सॉरवाल्या साहेबानं निगेटिव्हवर सुईनं खरडून ठेवलंय. ऐंशी वर्षांपूर्वी जर्मनांपासून लपवलेलं आज माझ्यापासून लपलंय.

मला सगळ्यात जास्त कशाचा राग येतो सांगू? आपल्याकडे मराठा पलटणीचे यशवंत घाडगे म्हणलं की माना डोलतात, डोलल्याच पाहिजेत, १० जुलै १९४४, इटलीतलं टायबरचं खोरं, व्हिक्टोरिया क्रॉस. आफ्रिकेत इरिट्रियातल्या केरेनच्या लढाईत मराठा होते म्हणून आपण छाती फुगवतो. पण त्या डोंगरांच्या पायथ्यापर्यंत दाणागोटा आणि दारूगोळा ट्रकनंच जायचा ना, पुढं खेचरं. तो ट्रक चालवणारा कुठल्या तरी गावचा, हौदा बांधणारा कुठल्या तरी आळीतला सुतार. त्याच्या कामाचा एक कागद नाही, एक माप नाही. युद्ध संपल्यावर या गाड्या डिस्पोजलमध्ये विकल्या गेल्या, लोकांनी घेतल्या, हौदा सडला की बदलला, इंजिन गेलं की बदललं, मग भंगारात. चेसिस कुठंतरी सापडते अजून. हौदा कुठं सापडणार, त्याची चूल पेटली.

तर काल रात्री चौथ्यांदा फळ्या मोजल्या, एकदा चार आल्या, एकदा पाच, आणि आज चिडून फोटो मोबाइलमध्ये घेतला आणि सरळ ट्रकच्या बॉड्या बांधतात तिथं गेलो. एक म्हातारे मिस्त्री, कानावर पेन्सिल, समोर नव्या टेम्पोचा सांगाडा. म्हणलं जरा बघता का. त्यांनी चष्मा वर केला, फोटो मोठा केला, चेहरे बघितलेच नाहीत, सरळ हौद्याच्या बाजूला बोट.

"हे सुताराचं काम आहे, लोहाराचं नाही. ही चासी आणि हौदा ह्याच्या मधी लाकूड दिसतंय का? लांबच्या लांब. यू बोल्टनी आवळलंय. खड्ड्यात चासी पिळते, लाकूड मार खातं, नाहीतर चासीलाच चीर जाईल."

म्हणलं फळ्या किती ते सांगा.

"नट मोजा की साहेब. उभ्या खांबावर बाहेरून नट दिसतायत, म्हणजे बोल्टाचं गोल डोकं आतून, गोण्या फाटू नयेत म्हणून. एका फळीला दोन. इथं आठ आहेत."

चार फळ्या. दोन मिनिटं लागली त्यांना. चार रात्री मी सावल्या मोजत होतो आणि नट समोर होते. गेल्या ऐंशी वर्षांत जेवढ्या लोकांनी त्या फोटोखाली "लोकल बॉडी" लिहिलं त्यातल्या एकाला जरी वाटलं असतं ना की जरा एखाद्या बॉडी बांधणाऱ्याला दाखवून येऊ! शिवाय हौद्याच्या तळाच्या फळ्या लांबीत असणार तेही मिस्त्रींनी मला सांगितलं, आडव्या टाकल्या तर माल ओढताना अडकतो, आणि कोपऱ्याला लोखंडी पट्टी कशी वळवतात ते एका तुकड्यावर करून दाखवलं. चहा पाजला. पैसे घेतले नाहीत.

फक्त फाळक्याच्या साखळीचा हुक राहिला. त्यात म्हणे दोन तऱ्हा, एक नुसता वाकडा आकडा आणि एक पिन घालायचा, आणि त्यावरून साखळी कुठल्या बाजूला लोंबणार ते ठरतं. मी पुन्हा फोटो मोठा करून दिला. मिस्त्रींनी बराच वेळ बघितलं, मोबाइल तिरका केला, सरळ केला, चष्मा पुसला.

"ह्याला म्हणावं कोपर काढ."